सूडकथेतील प्रेक्षकाचे आसन

सोलापूर–दौंड लोहमार्गावर कुर्डुवाडी सोडून पुण्याकडे निघाले म्हणजे थोड्याच वेळात केम हे स्थानक लागते. गाव करमाळे तालुक्यातले. उत्तरेश्वराचे देवस्थान आणि कुंकवाचे कारखाने यांसाठी परिसरात ओळखले जाणारे. प्रस्तुत लेखाचा विषय या गावी सुचावा असे वरवर पाहता काही कारण नाही. परंतु गेल्या दिवाळीच्या सुटीत बहिणीच्या घरी काही दिवस राहण्याचा योग आला, तेव्हा माझा भाचा आणि त्याचे महाविद्यालयीन मित्र ओसरीवर बसून एका जपानी चित्रकथेवरून हमरीतुमरीवर आलेले पाहिले. वाद एका बारा वर्षांच्या मुलीविषयी होता. तिला जिवंत सोडले हे लेखकाचे चुकले, असे बहुतेकांचे म्हणणे. मी मध्ये पडलो तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, तिला मारायलाच पाहिजे होतं. तुम्ही वाचलं नाही म्हणून तुम्हांला तिची दया येते." कल्पित पात्राच्या जगण्यामरण्याविषयी इतक्या पोटतिडकीने बोलणारी मंडळी आमच्या पदव्युत्तर वर्गातही क्वचित आढळतात. म्हणून ती चित्रकथा मिळवून मी समग्र वाचली. प्रस्तुत विवेचन त्या वाचनातून निघाले आहे.

चित्रकथा आहे हाजिमे इसायामा याची 'शिंगेकी नो क्योजिन'. जगभर ती 'अटॅक ऑन टायटन' या नावाने ओळखली जाते. २००९ ते २०२१ अशी बारा वर्षे ती एका मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. १३९ प्रकरणे, ३४ खंड. कथेचा नायक एरेन. माणसे गिळणाऱ्या महाकाय दैत्यांपासून बचावण्यासाठी उंच भिंतींच्या आड राहणाऱ्या लोकांपैकी तो एक. दहा वर्षांचा असताना भिंत फुटते, एक दैत्य त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या आईला खातो, आणि या जातीचा एकही जीव शिल्लक ठेवणार नाही अशी शपथ तो घेतो. इथवरची कथा सूडकथेच्या परिचित मार्गाने जाते. परंतु पुढे उलगडते ते असे की, ते दैत्य म्हणजे त्याच्याच वंशाची, समुद्रापलीकडील सत्तेने रूप पालटून पाठविलेली माणसे होत. मग कथा समुद्र ओलांडून त्या 'शत्रू'च्या वस्तीत जाते आणि तेथील मुले आपल्याला दाखविते. त्यांतील एक गाबी.

एरेन व त्याचे सोबती या वस्तीवर अकस्मात हल्ला करतात. गाबीच्या डोळ्यांदेखत तिचे सवंगडी मरतात; ज्यांच्याशी ती रोज दोन शब्द बोलते असे वेशीवरचे दोन पहारेकरीही गोळी लागून पडतात. गोळी झाडणारी साशा. ही साशा म्हणजे वाचकांची फार लाडकी, खादाड, भाबडी, शिकाऱ्याची मुलगी. गाबी शत्रूच्या विमानावर चढून साशाला ठार करते. केमच्या ओसरीवर ज्या मुलीच्या प्राणांची मागणी चालली होती ती हीच.

आता गाबीचे कृत्य आणि एरेनची शपथ यांत तत्त्वतः भेद तो कोणता? दोघांनीही लहान वयात आपली माणसे मेलेली पाहिली, दोघांनाही शत्रू हा माणूस नव्हे असे शिकविले गेले होते. मूळ रचनेत या दोन प्रसंगांचे साम्य इतके उघडपणे रेखाटले आहे की ते दिसू नये असे नाही. तरीही एरेनच्या शपथेला वाचकांनी टाळ्या दिल्या आणि गाबीला शिव्या. मी मुलांना विचारले, पहारेकऱ्यांना कोणी मारले? तो प्रसंग पाचांपैकी एकालाच आठवला. साशाने झाडलेली गोळी वाचून विसरली गेली होती. साशाला लागलेली गोळी मात्र पानासकट स्मरणात होती.

याचे कारण पात्रांच्या गुणदोषांत शोधू जाता सापडत नाही. ते कथनाच्या क्रमात आहे. एरेनच्या आईचा मृत्यू आपण कथेच्या प्रारंभीच पाहतो. गाबी भेटते तेव्हा कथेची दोन-तृतीयांश वाट सरलेली असते. ज्याचे दुःख आधी पाहिले तो आपला, ज्याचे नंतर पाहिले तो परका. वाचकाला कथेत एक आसन आधीच मांडून दिलेले असते. त्या आसनावर तो एकदा स्थिर झाला की पुढे लेखकाने स्वतः उठवू पाहिले तरी तो उठत नाही. इसायामाने सात-आठ वर्षे एका आसनावर बसवून ठेवलेल्या वाचकाला उठविण्याचा प्रयत्न केला, आणि २०२१ साली कथा संपली तेव्हा वाचकांत जी फूट पडली ती पुष्कळ अंशी उठलेले आणि न उठलेले यांच्यातली होती. बहुतांश मानवजातीचा संहार करणाऱ्या एरेनचे अखेरपर्यंत समर्थन करणारे वाचक निघाले, ही गोष्ट लेखकाच्या अपयशाची म्हणावी की त्याच्या पहिल्या यशाची, हा प्रश्न सोपा नाही.

(यापुढे वाचक व प्रेक्षक यांना सोयीसाठी 'प्रेक्षक' असेच म्हणतो. चित्रकथा वाचली जाते तितकीच पाहिली जाते.)

सूडाच्या कलाकृतीला समुदायाने कशी दाद दिली, याची बारकाईने केलेली नोंद आपल्याकडे विरळाच सापडते. मराठीत ती एका नाटकाच्या बाबतीत आहे, आणि ते नाटक म्हणजे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध'. १९०७ साली महाराष्ट्र नाटक मंडळीने ते रंगभूमीवर आणले. कथा विराटपर्वातली. मत्त कीचक सैरंध्रीची मागणी करतो. विराट राजा दुबळा. कंकभटाच्या वेषातील युधिष्ठिर सबुरीचा उपदेश करतो, बल्लवाच्या वेषातील भीम दात-ओठ खातो आणि शेवटी कीचकाचा गळा दाबतो. प्रेक्षकांना कीचकात लॉर्ड कर्झन दिसला, द्रौपदीत भारतभूमी, युधिष्ठिरात नेमस्त आणि भीमात जहाल. रूपक समजण्यास कोणा भाष्यकाराची गरज पडली नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सुरतेस काँग्रेसचे अधिवेशन मोडले, हे लक्षात घेतले म्हणजे कंकभट आणि बल्लव यांचा रंगभूमीवरील वाद पिठातील प्रेक्षकाला किती जवळचा वाटला असेल याची कल्पना येते.

नाटकावर १९१० साली बंदी आली. त्याच सुमारास लंडनच्या 'टाइम्स'मध्ये या प्रयोगाचे एक वर्णन आले, आणि व्हॅलेंटाइन चिरोलच्या 'इंडियन अनरेस्ट' या ग्रंथामुळे ते सर्वतोमुखी झाले. वर्णन करणारा नाटकापेक्षा प्रेक्षागृहाकडेच अधिक पाहत होता. कीचकाचे अत्याचार चालू असता पुरुषांचे ताणलेले, कपाळाला आठ्या पडलेले चेहरे. द्रौपदीची विनवणी ऐकताना स्त्रियांचे पाणावलेले, चमकणारे डोळे. युधिष्ठिराच्या मवाळपणाविषयीचा तिटकारा. भीमाच्या संतापाचे कौतुक. आणि वध होताच सभागृहातून उठणारा समाधानाचा खोल हुंकार. एवढा तपशील त्याने टिपला आहे. लेखक शत्रुपक्षाचा, हेतू सरकारला जागे करण्याचा, हे सर्व खरे. तथापि पक्षपाती साक्षीदाराची नजर पुष्कळदा तीक्ष्ण असते, आणि मराठी रंगभूमीच्या कोणा स्नेह्याने त्या काळच्या प्रेक्षकांचे चेहरे इतके न्याहाळल्याचे माझ्या वाचनात नाही.

या नोंदीतील एका तपशिलाकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही असे मला वाटते. तो म्हणजे युधिष्ठिराविषयीचा तिटकारा. कीचकाविषयी प्रेक्षकाला द्वेष वाटतो, आणि द्वेषात एक प्रकारची मान्यता असते. खलपुरुषाशिवाय सूडाचा सोहळाच होऊ शकत नाही. परंतु जो हात धरतो, थांब म्हणतो, त्याला सूडकथेच्या प्रेक्षकाजवळ क्षमा नाही. चित्रकथेतही हेच घडले आहे. साशाचा बाप नकळत गाबीला आपल्या घरी आश्रय देतो. सत्य उघड होते, सूड घेण्याची संधी त्याच्यापुढे येते, आणि तो ती घेत नाही. मुलीला आपण रानाबाहेर पाठविले, पण बाहेरचे जगही रानच निघाले, तेव्हा निदान मुलांना तरी मोठ्या माणसांनी त्या रानातून दूर ठेवले पाहिजे, अशा आशयाचे तो बोलतो. मला हा सर्व कथेचा गाभा वाटला. ओसरीवरील एका मुलाचा अभिप्राय एका शब्दाचा होता: "नेभळट." १९०७ च्या प्रेक्षागृहात कंकभटाविषयी याहून निराळा शब्द उमटला असेल असे वाटत नाही.

या ठिकाणी रसचर्चेच्या अंगाने एक आक्षेप येतो, त्याचा विचार केला पाहिजे. अभिनवगुप्ताने रसास्वादाची जी विघ्ने सांगितली आहेत त्यांत प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात गुरफटलेला असणे हे एक विघ्न आहे. त्या न्यायाने पाहता 'कीचकवधा'च्या प्रेक्षकाने रौद्ररसाचा आस्वाद घेतलाच नाही. तो केवळ रागावला. कीचकाचा गळा दाबला गेला तेव्हा त्याच्या मनात कर्झनचा गळा होता. साधारणीकरण झालेच नाही. अर्थात कलाकृती या नात्याने नाटक फसले, असा निष्कर्ष काढण्याचा मोह काहींना होईल.

मला हा निष्कर्ष मान्य नाही. शास्त्र चुकले असे माझे म्हणणे नाही; ते या प्रसंगी अपुरे पडते. याविषयी न. चिं. केळकरांची 'सविकल्प समाधी' अधिक उपयोगी आहे. वाङ्मयाचा आनंद घेताना आपण दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो आणि तरीही आपण आपणच असल्याचे भान सोडत नाही, असा त्या कल्पनेचा आशय. केळकर आणि खाडिलकर हे दोघेही 'केसरी'च्या एकाच कचेरीतले. एकाने सूडाचे नाटक लिहिले आणि दुसऱ्याने, नकळत का होईना, ते पाहणाऱ्याच्या मनाचे सूत्र मांडले, हा योगायोग मोठा मजेचा आहे. 'कीचकवध' पाहणारा प्रेक्षक भीम होत होता, परंतु आपण पारतंत्र्यातील एक माणूस आहोत हे तो क्षणभरही विसरत नव्हता. किंबहुना ते भान तीव्र असल्यामुळेच तो भीम होऊ शकत होता. यात समाधी आहे आणि विकल्पही आहे. उणीव असेल तर ती निराळ्या ठिकाणी आहे. नाटकाने त्याला जे आसन दिले ते पहिल्या अंकापासून शेवटपर्यंत एकच राहिले. तेथून त्याला एकदाही हलावे लागले नाही. नाटकाचा कळस कीचकाच्या वधात आहे. महाभारतात मात्र वधानंतर एकशे पाच उपकीचक भावाच्या प्रेताबरोबर सैरंध्रीला जाळावयास नेतात आणि भीमाला त्या सर्वांना मारावे लागते. एका वधाची किंमत आणखी एकशे पाच वध, हा हिशेब व्यासांनी टाळलेला नाही. १९०७ साली कोणी तो मांडावयास हवा होता असे म्हणणे मात्र अन्यायाचे ठरेल. गुलामाला आधी एक आसन तर मिळू द्यावे.

आता 'टाइम्स'च्या त्या लेखकाकडे पुन्हा वळतो. त्याच्या वर्णनात आणखी एक प्रेक्षक दडलेला आहे: तो स्वतः. एवढ्या मोठ्या सभागृहात भीमाच्या आसनावर न बसलेला माणूस कोण, तर ज्याच्यावर ते नाटक रोखलेले होते तोच. लोकांच्या चेहऱ्यांचे वर्णन तो करू शकला, कारण तो कीचकाच्या जागी बसून ते पाहत होता. जमाव सूडाचा आनंद घेत असताना तो आनंद ज्याच्या विरुद्ध आहे त्याला काय दिसते, हे त्या एका इंग्रजाने लिहून ठेवले. त्याची भीती अगदीच कल्पित होती असेही नाही. १९०९ च्या डिसेंबरात नाशिकला 'शारदा' नाटकाच्या प्रयोगाला आलेला कलेक्टर जॅक्सन नाट्यगृहातच अनंत कान्हेऱ्यांच्या गोळीला बळी पडला होता.

प्रेक्षकाला बुद्ध्याच या दुसऱ्या आसनावर बसविणारी कलाकृती मराठीत त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी निर्माण झाली, आणि तिचा कर्ता केमच्या शेजारचा आहे. केमहून पुण्याच्या दिशेने निघाले की भाळवणी आणि त्यानंतर जेऊर. नागराज मंजुळे जेऊरचे. त्यांचा 'फँड्री' २०१४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. कैकाडी कुटुंबातील जब्या गावाच्या नजरेसमोर डुकरे धरावयास लावला जातो. शाळेतील मुलेमुली, गावातील रिकामी माणसे कुंपणावर बसून गंमत पाहतात, टोमणे मारतात. अखेर जब्या दगड उचलतो आणि भिरकावतो. तो दगड सरळ प्रेक्षकाच्या अंगावर येतो आणि पडदा काळा होतो. मी ज्या खेळाला बसलो होतो तेथे डुकराच्या पाठलागाच्या वेळी प्रेक्षागृहात हशा पिकत होता. हसणाऱ्यांत मीही होतो. दगड आला तेव्हा जी शांतता पसरली तिचा अर्थ मला पुष्कळ उशिरा लागला: आपण सारा वेळ कुंपणावर बसलो होतो. ज्याला आपण जब्याविषयीची सहानुभूती समजत होतो ती कुंपणावरूनही बाळगता येते.

'सैराट'ची (२०१६) रचना याहून गुंतागुंतीची आहे, आणि मला वाटते अधिक निर्दय. करमाळे तालुक्यातील लोकांना तो चित्रपट आपल्या घरचा वाटला. रस्ते, ऊस, विहिरी, बोली सर्व ओळखीचे. गाणी लागली की लोक खुर्च्या सोडून नाचत. प्रेमकथा पाहत आहोत अशी प्रेक्षकाची खात्री होती. वस्तुतः तो एक सूडकथा पाहत होता. फक्त तिचा नायक त्याला दाखविलेला नव्हता. अर्चीचा भाऊ आणि आप्त वर्षांनंतर भेटवस्तू घेऊन तिच्या घरी येतात, ती त्यांच्यासाठी चहा ठेवते, आणि पुढे जे होते ते आपल्याला ध्वनीशिवाय, रक्ताने माखलेल्या एका लहानग्या पावलांच्या ठशांतून कळते. ही माणसे स्वतःच्या दृष्टीने मारेकरी नव्हेत. घराण्याचा अपमान झाला, त्याची भरपाई करावयास ती आली आहेत. एरेनप्रमाणे, गाबीप्रमाणे, भीमाप्रमाणे त्यांच्याही पाठीशी एक जखम आहे. ती जखम खरी की खोटी हा प्रश्न ती विचारीत नाहीत, कारण सूड घेणारा तो कधीच विचारीत नसतो. मंजुळ्यांनी त्यांची बाजू मांडली नाही हे योग्यच केले. कथनाचा क्रम किंचित बदलून अपमान आधी आणि प्रेम नंतर दाखविले असते, तर याच हकिकतीला टाळ्या देणारा प्रेक्षक मिळाला असता, ही शक्यता मनातून जात नाही.

ही शक्यता केवळ तार्किक नाही. त्याच ओसरीवर 'सैराट'चा विषय निघाला तेव्हा मुले गप्प झाली. शेवट वाईट आहे, एवढेच ती म्हणाली. शेजारचे एक वयस्क गृहस्थ सुपारी कातरीत बसले होते. ते सहज म्हणाले, "पोरीनं बापाची पगडी पायाखाली घातली. मारायला नको हुतं. पण त्यो तरी काय करील?" त्यांच्या आवाजात क्रौर्य नव्हते. चित्रपट त्यांनीही पाहिला होता, रडलेही असतील. तरी त्यांनी आपले आसन निवडले होते, आणि ते चित्रपट सुरू होण्याच्या आधीच निवडले होते. कथनाच्या क्रमाविषयी मी वर जे लिहिले त्याला इथे मर्यादा पडते. काही प्रेक्षकांच्या मनात पहिले प्रकरण गावानेच लिहिलेले असते, आणि लेखकाच्या हाती फक्त दुसरे उरते.

मात्र हे आसन कायमचेच असते असेही दिसत नाही. अश्वत्थाम्याचे उदाहरण घ्यावे. सौप्तिक पर्वातील त्याच्या कृत्याहून काळे कृत्य महाभारतात नाही: बापाच्या वधाच्या सूडापायी रात्री छावणीत शिरून झोपलेल्या मुलांना मारणारा हा पुरुष. भागवतात द्रौपदीच त्याला सोडा म्हणते, कारण त्याचीही आई आपल्यासारखी रडेल. साशाच्या बापाचे हे पूर्वरूपच. आणि आमच्या घरोघरी आजीच्या तोंडून ऐकलेला अश्वत्थामा कसा? कपाळाची जखम वाहते आहे, रानावनांतून हिंडतो आहे, दारोदार तेल मागतो आहे. मारलेल्या पाच मुलांची नावे आजीला सांगता येत नाहीत. तेल मात्र ती देऊ करते. ग्रंथात जो खलपुरुष आहे तो लोककथेत कीव येण्याजोगा भिकारी झाला, याला किती पिढ्या लागल्या असतील? हा न्याय झाला की विस्मरण, हे ठरविणे मला कठीण जाते. त्या मुलांच्या बाजूने पाहिले तर आजीची दया सुद्धा पक्षपाती आहे.

सुटीच्या अखेरच्या दिवशी मी 'कीचकवधा'ची एक जुनी प्रत बरोबर होती ती काढली, आणि मुलांनी काही प्रवेश मोठ्याने वाचावेत असे सुचविले. भाषा जड जाईल असे वाटले होते, पण तसे झाले नाही. भीमासाठी तिघांत भांडण लागले. कीचकाचे संवाद एकाने इतक्या उत्साहाने म्हटले की आतून बहीण बाहेर पाहावयास आली. सैरंध्रीचे संवाद माझ्या भाचीने घेतले आणि सर्वांहून चांगले वाचले. कंकभटाचे संवाद घ्यावयास मात्र कोणी तयार होईना. ते शेवटी मलाच वाचावे लागले.